वजन असलेला राजपुत्र

सांगली

चि. अद्वैत,


ॲनिमेशनच्या वर्गात सरांनी ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ सुरू केला, शेवटपर्यंत खेळून दाखवला आणि पुढचा सबंध तास त्यावरच बोलले. तुला मात्र पडद्यावर विटांच्या भिंती आणि पांढऱ्या कपड्यांतला एक बारका माणूस यापलीकडे काही दिसलं नाही. १९८९ सालच्या या खेळात लोकांना एवढं काय सापडतं, असं तू विचारलंस. फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

गोष्ट म्हणशील तर ती जुन्याच वळणाची आहे. सुलतान दूर लढाईवर गेलेला, मागे वजीर जाफरने राज्य बळकावलेलं. राजकन्येला त्याने एका तासाची मुदत दिली आहे: माझ्याशी लग्न कर, नाहीतर मरायला तयार हो. तिचं मन जडलेला परदेशी तरुण तळघरात कैद आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी सुरस गोष्टी ज्यांच्या घरात होत्या, त्यांना असे वजीर आणि अशा राजकन्या लहानपणापासून माहीत. जाफर नावाचा दुष्ट वजीर १९४० च्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ या चित्रपटातही आहे. (त्यातल्या छोट्या चोराचं काम करणारा साबू आपल्याकडचा, म्हैसूर संस्थानातल्या माहुताचा मुलगा.) तेव्हा या खेळाची ओढ कथेत शोधू नकोस. ती त्या बारक्या माणसाच्या चालण्यात आहे.

हा खेळ जॉर्डन मेक्नर या तरुणाने जवळजवळ एकट्याने केला. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याचा ‘कराटेका’ १९८४ मध्ये बाजारात येऊन गाजला होता. १९८५ मध्ये त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून मोकळ्या पार्किंगमध्ये उभं केलं आणि धावायला, वळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळून वर चढायला लावलं. ते सगळं व्हीएचएस कॅमेऱ्यावर टिपलं. मग टेप एकेका चौकटीवर थांबवून टीव्हीच्या पडद्याचे साध्या कॅमेऱ्याने फोटो काढले, ते धुऊन आणले, काळ्या मार्करने आणि पांढऱ्या करेक्शन फ्लुइडने भावाची आकृती पार्श्वभूमीतून वेगळी केली आणि त्या आकृत्या ॲपल टू या संगणकात उतरवल्या. चित्रफितीवरून हालचाल उतरवून घेण्याचं हे रोटोस्कोपिंग तंत्र मॅक्स फ्लायशरने मूकपटांच्या काळात शोधलं आणि डिस्नेने १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये वापरलं, हे तुला वर्गात सांगितलं असेलच. तलवारबाजीसाठी मेक्नरला एरल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांच्या १९३८ च्या रॉबिन हूड चित्रपटातलं काही सेकंदांचं दृश्य सापडलं. दोघेही बाजूने दिसतात, म्हणून ते उपयोगी पडलं.

या खटाटोपाचं फळ काय, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. नव्वदच्या दशकात मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. चपला बाहेर काढून मुलं आत यायची, डॉसच्या काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायची आणि तास संपला की हळूच ‘प्रिन्स’ची फ्लॉपी बाहेर यायची. कुणाकडे मूळ पुस्तिका नव्हती, सूचना सांगणारं कुणी नव्हतं. तरी पहिल्यांदा खेळणाऱ्या मुलालासुद्धा दोन मिनिटांत कळायचं, की हा गडी इतर खेळांतल्यांसारखा नाही. मारिओ हवेत असतानाही दिशा बदलतो. राजपुत्राने एकदा जमीन सोडली की तो जिथे पडायचा तिथेच पडतो. धावता धावता थांबवलं तर थोडा घसरतो. लांब उडीला आधी धाव लागते. एक मजला खाली पडला तर काही होत नाही, दोन मजले पडला तर एक जीव जातो, तीन मजल्यांवरून पडला तर संपलाच. जमिनीतून सुळे वर आले की खुर्चीत बसलेली मुलं स्वतःचे पाय उचलून घ्यायची. तिथे पडणाऱ्याला वजन होतं आणि ते वजन बघणाऱ्यांनाही जाणवायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे. अद्भुताच्या गोष्टीत राक्षस, जादू, उडते गालिचे सहज घालता येतात. मेक्नरने त्या अद्भुतात एक खरं, दमणारं, पडून मोडणारं शरीर घातलं. त्यामुळे जादूचं औषध, आपोआप उठून लढणारा हाडांचा सांगाडा हे सगळं खरं वाटू लागलं. सापळे आणि चुकवाचुकवी यांची कल्पना त्याला ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ या चित्रपटाच्या पहिल्या दहा मिनिटांवरून सुचली, पण त्या दहा मिनिटांतली धडधड खेळात आली ती या शरीरामुळे.

वेळेचं गणितही फार विचाराने बसवलेलं आहे. खेळात गुण नाहीत. कितीही वेळा मेलात तरी ती पातळी पुन्हा सुरू करता येते, पण साठ मिनिटांचं घड्याळ थांबत नाही, मागे सरकत नाही. मरण स्वस्त आणि मिनिटं महाग. म्हणून खेळणारा आपोआप शिकतो: कुठली फरशी हलते, कुठल्या दाबपट्टीने कुठलं दार उघडतं, कुठे शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकायचं आणि कुठे बेधडक धावायचं. आठव्या पातळीत एक दार बंद होतं आणि काहीही केलं तरी उघडत नाही. घड्याळ चालू असताना नुसतं उभं राहावं लागतं. मग राजकन्येने पाठवलेला उंदीर येतो आणि दाबपट्टीवर चढतो. राजकन्येला सबंध खेळात करायला मिळालेलं हे एकच काम, बाकी ती वाळूच्या घड्याळाशेजारी बसून असते. हा खेळातला उणेपणाच आहे आणि आज तो जास्तच खुपतो.

आता सावलीबद्दल. हे नीट वाच, कारण पुढे तू स्वतः खेळ करणार आहेस.

राजपुत्राच्या हालचालींच्या चित्रांनीच ॲपल टूची स्मृती भरत आली होती. दुसरं पात्र घालायला जागा उरली नव्हती, आणि मेक्नरला मुळात मारामारीचा खेळ नकोही होता. टॉमी पिअर्स ही त्याची सहकारी मात्र पुन्हा पुन्हा सांगत होती, की समोर कुणीतरी भिडणारं हवं. तेव्हा एक युक्ती सुचली. राजपुत्राचंच चित्र एक बिट सरकवून त्याचं मूळ चित्राशी ‘एक्सॉर’ केलं, म्हणजे दोन्हींत वेगळे असलेले बिटच ठेवले, की चकाकणारी, भुतासारखी आकृती मिळते. नवीन चित्र नको, नवीन जागा नको. त्यातून शॅडो मॅन जन्मला. पुढे काटकसर करकरून पहारेकऱ्यांसाठीही जागा काढली, पण खेळाचा आत्मा ही सावलीच राहिली.

चौथ्या पातळीच्या शेवटी वाटेत आरसा उभा राहतो. तो टाळून जाता येत नाही, धावत येऊन त्यातूनच उडी मारावी लागते. पलीकडच्या बाजूने सावली निघून पळते आणि राजपुत्राचा एकच जीव शिल्लक राहतो. पाचव्या पातळीत त्याच्या वाट्याचं औषध तीच पिऊन टाकते. सहाव्यात त्याच्या तोंडावर दार पाडते आणि तो खाली कोसळतो. बाराव्यात ती तलवार उपसून समोर येते. तिच्यावर वार केला की स्वतःचा जीव कमी होतो, तिला मारलं तर आपणही मरतो. इथे आमच्या क्लासमधली भलीभली मुलं अडकायची. अकरा पातळ्यांत खेळाने शिकवलेलं असतं, की समोर तलवार दिसली की लढायचं. इथे ती म्यान करावी लागते. मग दोघे एकमेकांकडे चालत येतात आणि एक होतात. त्यानंतर जिथे जमीनच नाही तिथे राजपुत्र धावत सुटतो आणि पावलापावलाला फरशा उमटत जातात. तू शेवट पाहिलाच आहेस, म्हणून हे मोकळेपणाने लिहिते. एक शब्दही न बोलता फक्त हालचालींतून एवढं सांगणारं दुसरं दृश्य त्या काळच्या खेळांत मला माहीत नाही. आणि ते आलं स्मृतीच्या टंचाईतून.

बाजारात मात्र सुरुवातीला निराशाच झाली. १९८९ पर्यंत ॲपल टूचे दिवस भरत आले होते आणि अमेरिकेत खप मंद होता. मग डॉसची, जपानी संगणकांची, युरोपातली रूपं आली, १९९२ मध्ये देखणी मॅक आवृत्ती आली आणि खेळ जगभर पसरला. आपल्या सांगलीपर्यंत आला तो डॉसवरच. पुढे यूबीसॉफ्टने २००३ मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ काढला, मेक्नर त्यातही होता. तो खेळ सुंदर आहे, पण त्यात चूक झाली की वेळ मागे फिरवता येते. मला त्या न थांबणाऱ्या तासाची कठोरताच मोठी वाटते. याच मालिकेचा पुढचा भाग म्हणून सुरू झालेलं काम वाढत जाऊन २००७ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ झालं, हे तुझ्या मित्रांनाही सांग. ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने करण्याचं काम २०२० मध्ये यूबीसॉफ्टने पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे दिल्याचं जाहीर केलं होतं. २०२२ मध्ये ते माँट्रियलकडे गेलं, याचं मला फार वाईट वाटलं होतं.

मूळ प्रोग्रॅम हरवला असं मेक्नर कित्येक वर्षं धरून चालला होता. २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना कपाटात मागे पडलेलं एक खोकं सापडलं, त्यात त्या फ्लॉप्या होत्या. खेळाचं संगीतही याच वडिलांनी, फ्रान्सिस मेक्नर यांनी दिलेलं. ते पेशाने मानसशास्त्रज्ञ. जाणकारांच्या मदतीने फ्लॉप्या वाचल्या गेल्या आणि मेक्नरने तो सगळा असेंब्ली भाषेतला प्रोग्रॅम गिटहबवर सर्वांसाठी ठेवला. त्या वर्षांतली त्याची रोजनिशीही ‘द मेकिंग ऑफ प्रिन्स ऑफ पर्शिया’ या नावाने पुस्तकरूपात आहे. त्यात तो किती वेळा काम सोडून पटकथा लिहायला निघून जात होता, ते दिसतं. ती मिळवून वाच, वर्गातल्या नोट्सपेक्षा तिचा उपयोग होईल.

आणि खेळ बघण्यावर थांबू नकोस, एकदा स्वतः खेळ. डॉसची आवृत्ती घे. पहिल्या पातळीत आधी तलवार शोध, ती हाती येईपर्यंत पहारेकऱ्याच्या वाटेला जाऊ नकोस. कडेपाशी आलास की शिफ्ट सोडू नकोस. चौथ्या पातळीपर्यंत पोचलास की मला कळव.

दादा-वहिनींना नमस्कार.

तुझी,
आत्या