मायचे बारा दिवस

माझ्या पगारातून दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो. फेब्रुवारीत 300. आमच्या वर्कशॉपमधले सहकारी त्यावर कुरकुर करतात. मी गप्प बसतो. हा कर महाराष्ट्रात 1975 साली बसला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा राहावा म्हणून, आणि त्या हमीच्या मजुरीवरच आम्ही चार भावंडे वाढलो.

आमचे गाव बीड जिल्ह्यातले. घरची गुंठाभरही जमीन नाही. 1972 चा दुष्काळ पडला तेव्हा मायचे नुकतेच लग्न झाले होते. मिलोची लाल भाकरी, सुकडी आणि खडी फोडून हाताला आलेले फोड, एवढेच ती त्या वर्षाविषयी सांगते. 1973 च्या मे महिन्यात राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसे होती. त्या आधी 1965 साली वि. स. पागे यांच्या कल्पनेतून तासगावच्या भागात हमीचा पहिला प्रयोग झाला होता. पुढे 1977 साली राज्याने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम ही सरकारची मेहेरबानी राहिली नाही, तो हक्क झाला.

पण कागदावरचा हक्क आणि मस्टरवरचा हक्क यांत फार अंतर असते. ते मी चौथीत असताना पाहिले.

1983 चा उन्हाळा होता. गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले होते. माय पहाटे भाकरी बांधून जायची, धाकटीला कडेवर घेऊन. कामावर पाण्याचा रांजण एकच, पण आमच्या वस्तीच्या बायांना त्याला हात लावता येत नसे. कोणीतरी वरून ओतायचे आणि यांनी ओंजळ धरायची. काम सरकारचे, मजुरी सारखी, तहान मात्र वेगळी.

मायला लिहिता येत नव्हते. रोज संध्याकाळी ती मला म्हणायची, "एक रेघ मार रे." मी चुलीतल्या कोळशाने भिंतीवर रेघ मारायचो. दोन आठवड्यांत बाजाराचे दोन दिवस सोडून बारा रेघा झाल्या.

पगाराच्या दिवशी मी मायसोबत गेलो. मुकादमाने मस्टर पुढे करून अंगठा मागितला. मी नाव शोधले आणि खुणा मोजल्या. नऊच होत्या.

"माय, तीन दिवस कमी हायेत."

मुकादम माझ्यावर खेकसला, "तुला काय कळतंय रे? शाळा सोडून इकडं कशाला आलास?"

माय म्हणाली, "मुकादम, पोरगं माझ्यासाठीच शाळा शिकतंय. बारा लिवा, मग अंगठा देते."

त्या दिवशी ती पैसे न घेता घरी आली. आठ दिवस आम्ही शेजारच्या मावशीकडून उसने पीठ आणून खाल्ले. पण तोवर वस्तीतल्या बायांनी आपापल्या भिंतीवर रेघा मारायला सुरुवात केली होती. पुढच्या पगाराला साहेब स्वतः आले तेव्हा सगळ्या जणी एकदम बोलल्या. मायला बारा दिवसांचे पैसे मिळाले. रांजण मात्र तसाच राहिला. त्याला पुढे आणखी काही वर्षे लागली.

तो पाझर तलाव अजून आहे. पाणी झिरपते ते ज्यांच्या विहिरी आहेत त्यांच्या विहिरीत. ज्यांनी माती वाहिली त्यांच्याकडे विहीरही नव्हती आणि रानही नव्हते. सरकारी कामाने चूल पेटते हे खरे, पण काम संपल्यावर त्याचे फळ कोणाच्या वाट्याला गेले हेही विचारले पाहिजे. म्हणून ग्रामसभेत कामे ठरतात तेव्हा आपल्या वस्तीचा रस्ता, आपल्या वाट्याचे पाणी, आपल्या लोकांच्या विहिरी यांची मागणी करायला आपण तिथे हजर असायला हवे.

घटनेच्या 41 व्या कलमात कामाचा हक्क आहे, पण तो मार्गदर्शक तत्त्वांत. कोर्टात जाऊन वसूल करता येणारा नाही. म्हणूनच वेगळा कायदा लागतो. केंद्राने 2005 साली ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांच्या कामाचा कायदा केला. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी 125 दिवसांचा नवा कायदा मंजूर केला. आकडा वाढला म्हणून हुरळून जाऊ नये. कागदावर दिवस किती आहेत यापेक्षा आपल्या नावावर किती पडले, ते मोजायचे. काम तोंडी मागू नका, लेखी मागा आणि तारीख घातलेली पावती घ्या. पासबुक भरून आणा. घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला ते मोठ्याने वाचायला लावा.

माय आता थकली आहे. मागच्या दिवाळीत घराला रंग देताना कामगाराने विचारले, "ही जुनी भिंत पाडून टाकू का?" माय पटकन म्हणाली, "नको, तिच्यावर माझा हिशोब हाय."

रेघा कधीच पुसल्या गेल्या आहेत. भिंत आम्ही तशीच ठेवली.