गळेपडू

‘बिग बॉस मराठी’च्या घरात सदस्याच्या सर्वांत जवळचं कोण? मैत्रीण नव्हे, मानलेला भाऊ नव्हे, माईक. गळ्यात काळा पट्टा, कमरेला छोटी डबी, मधे वायर. घरात पाऊल टाकण्याआधीच हा गळ्यात पडतो आणि आंघोळ-पोहणं सोडलं तर उतरायचं नाव घेत नाही.

घराणं परदेशी. १९९९ मध्ये नेदरलँड्समध्ये ‘बिग ब्रदर’ सुरू झालं, २००६ मध्ये ते ‘बिग बॉस’ होऊन हिंदीत आलं आणि २०१८ मध्ये मराठीत. घरात फोन नाही, घड्याळ नाही, वर्तमानपत्र नाही. मन मोकळं करायला माणसं आहेत, पण ती सगळी स्पर्धक. भिंतीवरचे कॅमेरे लांबून बघतात. छातीशी कान लावून बसलेला हा एकटाच.

स्वभावानं अबोल. कोणाची बाजू घेत नाही, चुगली स्वतःहून करत नाही. खाणं म्हणाल तर बॅटरी. एकच गोष्ट त्याला खपत नाही: तोंडावर हात. त्याला मुठीत धरून कुणी कुजबुजलं की घरभर बिग बॉसचा आवाज घुमतो, माईक नीट घाला. सदस्य जीभ चावतो, आढ्याकडे बघत ‘सॉरी बिग बॉस’ म्हणतो आणि पट्टा सरळ करतो.

चोवीस तासांतलं दाखवायचं तास-दीड तास. त्यात कुठला तास निवडला जाईल, हे आतल्यांना कळत नाही. म्हणून मग स्वतःची जाहिरात अष्टौप्रहर चालते. कांदा चिरता चिरता एक बाई म्हणतात, ‘मला ना, कोणाच्या मागे बोलायला आवडतच नाही,’ आणि पुढचा कांदा संपेपर्यंत एकीच्या मागे बोलतात. ‘मी मनानं साफ आहे’, ‘मी तोंडावर बोलते’, ‘मी गेम खेळायला आलेच नाही’ ही वाक्यं समोरच्या माणसासाठी नसतातच. नजर समोर असते, हनुवटी किंचित खाली, माईककडे.

रात्री दिवे गेले की खरी गंमत. दोघं एका पांघरुणात डोकं घालून कानाला ओठ लावतात. त्यांना वाटतं, आता कोणी ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी तीच कुजबूज पडद्यावर खाली अक्षरं लावून दिसते. मोठ्यानं बोललेलं प्रेक्षक विसरतात. हळू बोललेलं वाचून लक्षात ठेवतात. मिठी मारली तरी सुटका नाही. दोघांचे माईक एकमेकांवर घासतात, खर्रर आवाज येतो आणि ‘तू माझी बहीण आहेस’ हे वाक्य त्या खरखरीत अर्धंच ऐकू येतं. नात्यांवरची त्याची तेवढीच टीका.

पण याच्या नादी लागून फसणारे पुष्कळ. आपण जितकं बोलू तितके बाहेर आवडू, हा त्यांचा हिशेब. २०२४ च्या पाचव्या पर्वात डावपेचांवर तासन् तास बोलणारी मंडळी होती. जिंकला बारामती तालुक्यातल्या मोढवे गावचा सूरज चव्हाण, रील्समधून पुढे आलेला आणि घरात बेताचं बोलणारा. उपविजेता ठरला अभिजीत सावंत, ज्याचं नाव ‘इंडियन आयडॉल’च्या पहिल्या पर्वात वेगळ्याच माईकनं घरोघरी पोहोचवलं होतं. सूरजच्या साधेपणाचीही जाहिरात झालीच. त्याच्या ‘झापुक झुपूक’ या लाडक्या बोलाच्या नावानं पुढच्या वर्षी सिनेमाही निघाला. फरक इतकाच की ‘सूरज साधा आहे’ हे सूरजपेक्षा इतर जास्त बोलत होते. स्वतःचं कौतुक स्वतःच्या माईकवरून गेलं की ते फुटेज; दुसऱ्याच्या माईकवरून गेलं की मतं.

हुशार सदस्यांना हे उमगायला वेळ लागत नाही. मग देवाणघेवाण सुरू होते: मी तुला ‘रिअल’ म्हणतो, तू मला म्हण. माईक दोन्ही पोहोचवतो. खरं-खोटं निवडणं हे त्याचं कामच नाही. ते त्यानं आपल्यावर सोडलंय, आणि आपण चहा पिता पिता ते करतोही.

बाहेर पडताना हा गडी काढून द्यावा लागतो. मग मुलाखती, रील्स, दुकानांच्या उद्घाटनाच्या सुपाऱ्या. प्रत्येक मुलाखतीत एक वाक्य ठरलेलं: ‘मी घरात जशी होते, अगदी तशीच बाहेरही आहे.’ यात खोटं काही नसतं. बाहेरही समोर माईकच धरलेला असतो.