पाच कॉम्प्युटर, एकच तारीख

ज्यांच्या ऑफिसात दोनापेक्षा जास्त कॉम्प्युटर एकाच वायफायवर आहेत, त्या प्रत्येकाला हे कधी एकदा सांगते असं मला झालंय! सगळ्या टेबलांवरचं कॅलेंडर एक करता येतं. एकाने तारीख टाकली की ती सगळ्यांना दिसते. तेही फुकट, बाहेरच्या कुणाकडे काही न पाठवता, आपल्याच खोलीतल्या कॉम्प्युटरवर ठेवून!

आमचं ऑफिस वकिलाचं, पुण्यातलं. शिवाजीनगर कोर्ट, कौटुंबिक न्यायालय, मधूनच मुंबईचं हायकोर्ट. दोन कोर्टांत एकाच वेळी पुकारा होऊ शकतो, म्हणून सरांच्या डायरीत काय आहे ते प्रत्येक ज्युनिअरला ठाऊक असायलाच हवं. पण डायरी एकच. ती सरांबरोबर कोर्टात गेली की ऑफिसात आलेल्या पक्षकाराला पुढची तारीख सांगणार कोण?

रॅडिकाल नावाचा एक छोटासा मुक्त प्रोग्रॅम आहे, पायथॉनमध्ये लिहिलेला. तो आम्ही कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर बसवला, त्या कॉम्प्युटरचा आयपी पत्ता राउटरमध्ये कायमचा बांधून टाकला आणि ऑफिससाठी एक सामाईक खातं पासवर्डसह उघडलं. सुरुवातीला रॅडिकाल फक्त स्वतःच्याच कॉम्प्युटरला उत्तर देतो; सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ बदलली की तो नेटवर्कवरच्या सगळ्यांशी 5232 या पोर्टवरून बोलू लागतो. मग प्रत्येक टेबलावरच्या थंडरबर्डमध्ये नवं कॅलेंडर उघडायचं, ते नेटवर्कवर आहे असं सांगायचं, पत्ता टाकायचा. बस्स! थंडरबर्डने दर किती वेळाने नव्या नोंदी बघायच्या तेही आपणच ठरवायचं. आम्ही एक मिनिट ठेवलंय.

मग सामाईक फोल्डरमध्ये कॅलेंडरची एकच फाइल का ठेवू नये? खरी गंमत इथेच आहे! दोघांनी एकाच वेळी तीच फाइल उघडली, तर नंतर सेव्ह करणाऱ्याची प्रत आधीच्याचं लिखाण पुसून टाकू शकते. रॅडिकाल प्रत्येक नोंदीची वेगळी फाइल ठेवतो, आणि प्रत्येक नोंदीला तिच्या त्या वेळच्या मजकुराची एक खूण असते, ईटॅग. मी बदल पाठवते तेव्हा माझ्याकडची खूणही सोबत जाते. तेवढ्यात दुसऱ्याने तीच नोंद बदललेली असली तर खुणा जुळत नाहीत, सर्व्हर 412 क्रमांकाचं उत्तर देऊन बदल नाकारतो आणि थंडरबर्ड मला विचारतो: माझा बदल सोडू, की तरीही लिहू? कुणाची तारीख नकळत पुसली जात नाही! वकिलाच्या ऑफिसात याची किंमत काय आहे, हे वकिलालाच विचारा.

मी त्यातली एक फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडली आणि बघतच राहिले. सगळं वाचता येतं! सुरू होण्याची वेळ, एशिया/कोलकाता हा टाइमझोन, आणि खाली मी देवनागरीत लिहिलेलं ‘उलटतपासणी’ जसंच्या तसं. या फाइलींचा नियम ओळ 75 बाइटपर्यंत ठेवायला सांगतो. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून आपली मराठी ओळ पंचविसेक चिन्हांनंतर पुढच्या ओळीवर जाते, पण कॅलेंडरमध्ये पुन्हा अखंड दिसते.

हा नियम म्हणजे आयकॅलेंडर, 1998 सालचा, 2009 मध्ये सुधारलेला. नोंदींची देवाणघेवाण कशी करायची ते ठरवणारा कॅलडॅव्ह मार्च 2007 चा. सायरस डाबू, बर्नार्ड देरुइसो आणि लिसा दुसो यांनी लिहिलेला. दोन्ही सर्वांना खुले! म्हणूनच थंडरबर्ड, आयफोनचं कॅलेंडर, अँड्रॉइडवरचं डॅव्हएक्स५ या सगळ्यांना एकमेकांच्या नोंदी कळतात. आमचा ज्युनिअर कोर्टातच फोनवर पुढची तारीख टिपतो. तो परत आला, फोन ऑफिसच्या वायफायला जोडला गेला आणि सिंक झाला, की ती पाचही पडद्यांवर हजर!

शिवाय पक्षकारांची नावं, कुणाचा घटस्फोट, कुणाचा वाटणीचा दावा, यातलं काहीही बाहेरच्या कुणाच्या सर्व्हरवर जात नाही. पक्षकाराने वकिलावर टाकलेला विश्वास कायद्यानेही जपलाय. कॅलेंडरनेही तो जपायलाच हवा. बॅकअपसाठी फक्त एक फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवायचा.

आता आम्ही मुदतींचं वेगळं कॅलेंडर उघडतोय. दिवाणी हुकूमनाम्यावर अपील हायकोर्टात करायचं तर मुदत 90 दिवस, इतर कोर्टात 30. नोंदीबरोबर तिची आठवणही सगळीकडे जाते, म्हणजे मुदत जवळ आली की एकाच्या नव्हे, प्रत्येकाच्या टेबलावर इशारा वाजणार! दवाखाना असो, सोसायटीचं ऑफिस असो की नाटकाची संस्था, एखादा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडला असेल तर आजच पुसून घ्या आणि त्याला या कामाला लावा!