भुतं माळ्यावरची

घाबरवायच्या वस्तू आपल्याकडे काही कमी नाहीत. नव्या बांधकामावर टांगलेलं काळं मडकं घ्या, त्यावर चुन्याने डोळे-दात काढलेले. ट्रकच्या मागे लोंबणारी जुनी चप्पल घ्या. भाताच्या शेतातलं बुजगावणं तर सगळ्यांच्या ओळखीचं. इकडे मोखाडा-जव्हारच्या बाजूला बोहाड्यात त्राटिका येते, तिचा मुखवटा कागदाच्या लगद्याचा असतो. नागपूरला पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, बांबू-कागदाची. गावाबाहेर नेऊन तिला जाळतात. काळी मारबत 1881 पासूनची आहे म्हणतात. बघा, बहुतेक सगळं टाकाऊतून टिकाऊ! शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही हेच शिकवायचो, फक्त भुतं करत नव्हतो.

तर सांगायचा मुद्दा असा, की 2024 च्या दिवाळीत माझ्या घरी भुतं झाली.

आमचं उंबरमाळी म्हणजे खर्डी सोडलं की कसाऱ्याच्या अलीकडचं स्टेशन. नातवंडं डोंबिवलीची. नात तेव्हा चौथीत होती. 'हॅलोविन' हा शब्द मी तिच्याच तोंडून पहिल्यांदा नीट ऐकला, तोवर मला ते पोटदुखीचं औषध वाटायचं. त्यांच्या सोसायटीत 31 ऑक्टोबरला मुलं भुतांचे कपडे घालून दारोदार चॉकलेटं मागतात म्हणे. त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी नरक चतुर्दशी! पहाटे अभ्यंगस्नान, कारीट फोडणं आणि संध्याकाळी भुतं. पण दिवाळीसाठी इकडे यावं लागल्याने सोसायटीचा कार्यक्रम बुडाला, म्हणून बाईसाहेबांचं तोंड एवढंसं. सून म्हणाली, "आई, ऑनलाइन मागवते काहीतरी, दोन दिवसांत येईल." मी म्हटलं, विकतच्या भुताला कोण घाबरतंय? चला माळ्यावर.

माळ्यावर पाच मोडक्या छत्र्या निघाल्या. आमच्याकडचा पाऊस छत्रीला दोन वर्षांच्या वर टिकू देत नाही, आणि आम्ही मोडकी छत्री टाकून देत नाही. छत्रीच्या काळ्या कापडाचे आठ त्रिकोण असतात. शेजारचे दोन त्रिकोण मधली शिवण न उसवता कापून घ्यायचे. शिवण म्हणजे अंग, दोन्ही बाजूंना पंख, खालची किनार आधीच कमानदार. झालं वटवाघूळ! राहिल्या आठ काड्या. नातू (वय वर्षे सहा) म्हणाला, "आजी, कोळ्याला पण आठच पाय असतात." मला फार आनंद झाला. काड्या वाकवून दोन करवंट्यांच्या मध्ये तारेने बांधल्या आणि पडवीत हा मोठा कोळी टांगला. फाटकी मच्छरदाणी त्याचं जाळं झाली. ह्यांच्या जुन्या भजनांच्या कॅसेटी चालत नव्हत्याच, त्यांची फीत दारावर सोडली. वाऱ्यावर ती अशी सरसरते की अंगावर काटा येतो. शेतकरी पाखरं हाकलायला लावतात तीच युक्ती.

तुपाच्या रिकाम्या डब्यांचे कंदील केले. डब्यात ओली माती घट्ट भरून मग खिळ्याने भोकं पाडायची म्हणजे पत्रा चेपत नाही. डोळे आणि दात ठोकून झाले की माती ओतून आत पणती. भोपळा मात्र मी कोरू दिला नाही. आयर्लंडमध्ये पूर्वी लोक सलगम कोरत, अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सापडला, असं लेकाने वाचून दाखवलं. म्हटलं, वा, छान. आमच्या भोपळ्याचे घारगे होतात.

शेजाऱ्याची भातझोडणी सुरू होती, त्याच्याकडून पेंढा आणला. ह्यांचा जुना सदरा-लेंगा, वर गळकं मडकं, असं बुजगावणं उभं केलं.

मग नातीने पुठ्ठ्याची टोकदार टोपी काढली, हातात खराटा घेतला आणि म्हणाली, "आता चेटकीण."

मी नाही म्हटलं.

लेक हसला. "आई, खेळ आहे गं तो." खेळ आहे हे मलाही कळतं. पण मी या भागात तीस-बत्तीस वर्षं शिकवलंय. इकडे चेटकिणीला भुताळी म्हणतात, आणि ती गोष्टीतली नसते. ती कुणाचीतरी आई असते. चाळीसेक वर्षांपूर्वी एका पाड्यावर (नाव लिहीत नाही) एक वासरू मेलं, मग एक पोर तापाने गेलं. भगताने तांदूळ टाकून एका विधवा बाईचं नाव घेतलं. ती दोन लेकरांना घेऊन रातोरात निघून गेली. थोरली माझ्या वर्गात होती, चौथीतच. तिचा दाखला मागायला कुणीच आलं नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत हजेरीपटावर तिच्या नावापुढे मी गैरहजेरी मांडत होते.

हे मी नातीला सांगितलं. तापाचं, वासराचं, सगळं. सुनेला ते फारसं पटलं नाही, सणासुदीला कशाला, असं तिचं म्हणणं. मला वाटतं चौथीतल्या मुलीची गोष्ट चौथीतल्या मुलीला कळते. मग लेकानेच फोनवर सेलमचं काढलं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधलं हे गाव. तिथे 1692 साली चेटूक केल्याच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिलं, त्यात 14 बायका. एका म्हाताऱ्याला अंगावर दगड रचून मारलं. आता त्याच गावात हॅलोविनला टोप्या घालून पर्यटक गर्दी करतात. सव्वातीनशे वर्षं गेली की असं करता येत असेल. आपल्याकडे तेवढी कुठे गेलीत? डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला 20 ऑगस्ट 2013 ला. त्यानंतर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच डिसेंबरात कायदा मंजूर झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. तरी नाशिक-नंदुरबारकडच्या, आमच्या बाजूच्या बातम्या अधूनमधून पेपरात येतातच. आणि आमच्या पडवीसमोरून रोज ज्या बायका मोळ्या घेऊन जातात, त्यांनी ती टोपी पाहिली असती तर? त्यांना हॅलोविन ठाऊक नाही, भुताळी ठाऊक आहे.

नात बराच वेळ खराट्याच्या काड्या मोडत बसली होती. मग विचारलं, "ती मुलगी पास झाली का?"

परीक्षेलाच बसली नाही, म्हटलं.

"मग तू तिला पुढच्या वर्गात घालायचं ना." असो. नियम काय होता ते मी तिला समजावून सांगितलं, पण चेहऱ्यावरून काही तिला पटलेलं दिसलं नाही.

टोपी बुजगावण्याला घातली. पुरुषाच्या सदऱ्यावर ती विदूषकाचीच वाटली. संध्याकाळी डब्यांमध्ये पणत्या लावल्या, वाडीतली दहा-बारा पोरं जमली, कोळ्याखालून किंचाळत धावली. चॉकलेटं नव्हती, मी चकल्या आणि घारगे वाटले. एक पोरगं तीनदा रांगेत आलं, चेहऱ्याला दर वेळी वेगळी राख फासून.

दिवाळी सरल्यावर शेजारी म्हणाला, "बाई, तो तुमचा माणूस द्या की, वाल पेरलाय." दिला. फेब्रुवारीत परत आणून दिला तेव्हा त्याच्या अंगावर लेंगा नव्हता. कुणी नेला कोण जाणे, चांगला होता अजून.