हाडाचा क्षीण संकेत आणि खुब्याचे दुखणे

पवईच्या 'समीर' संस्थेने पुढाकार घेतलेले देशी बनावटीचे 1.5 टेस्ला एमआरआय यंत्र दिल्लीच्या एम्समध्ये चाचणीसाठी बसवण्याचा करार 2025 मध्ये झाला. त्यावरची बहुतेक चर्चा किमतीभोवती फिरली आणि ते स्वाभाविकही आहे. मला मात्र ती बातमी वाचताना खुब्याचा सांधा आठवला, कारण एमआरआयची खरी परीक्षा पाहणारे अवयव थोडे आहेत आणि खुबा त्यांतला एक आहे.

शाळेत आपण त्याला उखळीचा सांधा म्हणून शिकतो. मांडीच्या हाडाचा गोल माथा ओटीपोटाच्या हाडाच्या खोबणीत फिरतो. माथा जिथे मानेला मिळतो तिथे हाडाचा थोडा जास्तीचा उंचवटा असेल, किंवा खोबणीची कड प्रमाणाबाहेर पुढे आलेली असेल, तर उकिडवे बसताना हाडावर हाड अडते आणि मधली कूर्चा चिरडली जाते. तरुणपणी जांघेत दुखणाऱ्या अशा खुब्यांतून पुढे संधिवात उद्भवतो, ही मांडणी बर्नचे शल्यविशारद राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2003 मध्ये केली. तोवर अनेकांची अशी दुखणी 'स्नायू ताणला असेल' या सदरात जमा होत.

हा उंचवटा मोजण्यासाठी 'अल्फा कोन' वापरतात. अडचण अशी, की तो बहुधा मानेच्या पुढच्या-वरच्या बाजूस असतो आणि समोरून घेतलेल्या साध्या एक्स-रेमध्ये सहज लपतो. त्रिमितीय आकाराची ही द्विमितीय सावली. म्हणून आता मानेच्या अक्षाभोवती, घड्याळाच्या काट्यांसारखे, एमआरआयचे छेद घेतात.

मग सीटी स्कॅनच का नको? हाड त्यात उत्तम दिसते. पण रुग्ण विशी-तिशीतले असतात आणि किरणोत्सर्ग नेमका जननेंद्रियांच्या परिसरात जातो. एमआरआयमध्ये तो धोका नाही, मात्र तिथे हाड काळे दिसते. हाडात प्रोटॉन नसतात असे नव्हे. त्यांचा संकेत साधारण अर्ध्या मिलिसेकंदात विरून जातो आणि नेहमीच्या पद्धतीत यंत्र ऐकायला लागते ते काही मिलिसेकंदांनी. 'झिरो एको टाइम' या तंत्रात रेडिओ स्पंद संपताच, मायक्रोसेकंदांच्या आत, ऐकणे सुरू होते. मिळालेल्या प्रतिमेचे काळे-पांढरे उलटवले की ती जवळजवळ सीटीसारखी दिसते. यातली एक गंमत प्रयोगशाळेत वावरणाऱ्यांनाच कळेल: यंत्र इतक्या लवकर ऐकू लागले की कॉइलच्या प्लॅस्टिकमधले प्रोटॉनही प्रतिमेत डोकावतात!

कूर्चेची कथा याहून सुंदर आहे. निरोगी कूर्चेत ऋणभारित रेणू असतात. ऋणभारित गॅडोलिनियम-संयुग शिरेतून दिले तर ते तिथे कमी शिरते. कूर्चा झिजू लागली की ते रेणू घटतात आणि संयुग आत जाते. बारावीतले स्थिरविद्युत, आणि त्यावरून तडा जाण्याआधीची झीज ओळखायची.

हे सारे मी कौतुकाने सांगतो आहे, कारण माझे काम याच संकेतांशी आहे. तरीही गेल्या वर्षी आमच्या विभागातल्या एका कबड्डीपटू विद्यार्थ्याने अहवाल पुढे ठेवला तेव्हा मी अस्वस्थ झालो. उंचवटा दोन्ही खुब्यांत होता. दुखत होता फक्त उजवा. सल्ला मिळाला होता तो दोन्हीकडची शस्त्रक्रिया एकदमच उरकण्याचा. वॉरिक येथे 2016 मध्ये तज्ज्ञांनी सहमतीने ठरवलेली व्याख्या याबाबत अगदी स्पष्ट आहे: लक्षणे, तपासणीतील खुणा आणि प्रतिमा, तिन्ही जुळल्या तरच निदान. असे उंचवटे काहीही न दुखणाऱ्या कित्येक लोकांतही सापडतात. संगणकाने अल्फा कोन आपोआप मोजण्याच्या या काळात ही अट विसरली जाईल, अशी मला खरोखर भीती वाटते. अंशांतला आकडा फार लवकर आजार होऊन बसतो.

मी डॉक्टर नाही, म्हणून त्याला उत्तर दिले नाही, एक प्रश्न तेवढा लिहून दिला: "डावा खुबा वाकवून आत वळवल्यावर दुखतो का?" दुसऱ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तो वळवून पाहिला. दुखला नाही. सध्या त्याचे उजव्या बाजूसाठी व्यायामोपचार चालू आहेत, आणि शस्त्रक्रियेचा निर्णय तीन महिन्यांनी, त्याच एका खुब्यापुरता, व्हायचा आहे.