साकोली ते ‘मेडिकल’ : एका वाटेच्या दोन दिशा

साकोलीहून सकाळच्या एस.टी.ने आपण नागपूरकडे निघालात, की दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या आणि मधूनमधून जुने मालगुजारी तलाव दिसू लागतात. लाखनी मागे पडते. कारध्याला वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा येते. पुढे मौद्याजवळ कन्हान लागते आणि मग नागपूर. सुमारे शंभर किलोमीटरची ही वाट भंडारा जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबांनी घरच्या वृद्धांना सोबत घेऊन पार केली आहे. “मेडिकलला न्यायचे आहे,” एवढे म्हटले तरी शेजाऱ्यांना उमगते. नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय या भागात त्याच एका शब्दाने ओळखले जाते.

आजार मनाचा असला, की हीच वाट फार लांब वाटू लागते. आजी जेवत नाही, आजोबा रात्रभर घरात फिरतात. कोणी बाहेरची बाधा म्हणतो, तर कोणी “म्हातारपणी असे व्हायचेच” म्हणून समजूत घालतो. त्यात मोलाचे महिने निघून जातात.

अखेर आपण मनोविकार विभागात पोहोचता, तेव्हा समोर बहुधा एक तरुण डॉक्टर बसलेला असतो. “मोठे डॉक्टर कुठे आहेत?” असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हा तरुण एम.बी.बी.एस. पूर्ण करून मानसोपचारशास्त्रातील एम.डी.चे तीन वर्षांचे शिक्षण घेत असतो, आणि त्याच्या कामावर वरिष्ठांची देखरेख असते. तो पुष्कळ प्रश्न विचारतो. त्याला टाळाटाळ समजू नका. उदासीनता क्ष-किरणात दिसत नाही. या शास्त्रात विचारपूस हीच पहिली तपासणी असते.

वृद्धांच्या बाबतीत तीन अवस्था वेगळ्या ओळखणे त्याला शिकावे लागते. पहिली, काही तासांत किंवा दिवसांत अचानक आलेला भ्रम. लघवीचा जंतुसंसर्ग, उन्हाळ्यात शरीरातील पाणी कमी होणे, रक्तातील सोडियम किंवा साखर घटणे, नव्याने सुरू झालेली एखादी गोळी, अशी कारणे त्यामागे असू शकतात. दुसरी, नैराश्य. आपली वडीलधारी माणसे “मी उदास आहे,” असे क्वचितच म्हणतात. “अंगात त्राण नाही, कशात जीव लागत नाही,” असे म्हणतात. नैराश्यातही विसरभोळेपणा येतो आणि उपचारांनी तो पुष्कळदा ओसरतो. तिसरी, महिनोन्महिने हळूहळू वाढणारा स्मृतिभ्रंश. तिन्ही अवस्था वरवर सारख्याच भासतात. त्यांतील भेद उलगडतो तो बहुतांशी आपल्या सांगण्यावरून, कारण सुरुवात केव्हा आणि कशी झाली हे घरच्या माणसांनीच पाहिलेले असते.

आता या वाटेची दुसरी दिशा पाहा. नव्या नियमानुसार एम.डी.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिक्षणकाळातील तीन महिने जिल्हा पातळीवरील रुग्णालयात काम करावे लागते. महानगरात वाढलेल्या विद्यार्थ्याला तेथे कळते, की प्रमाण मराठीत विचारलेला प्रश्न झाडीबोली बोलणाऱ्या आजीपर्यंत पोहोचतोच असे नाही, आणि रोवणीच्या दिवसांत औषध आणायला घरातून कोणालाही निघता येत नाही. पुस्तकात न मिळणारा हा धडा त्याला आपल्यासारखी कुटुंबे देतात. भंडाऱ्यातही २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा आरंभ झाला आहे. मानसोपचाराचे पदव्युत्तर शिक्षण एक दिवस येथेच मिळावे, ही अपेक्षा रास्त आहे.

तोवर आपल्या हाती असलेले आपण करावे. निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून घ्या: पहिला बदल केव्हा दिसला, झोप आणि भूक कशी आहे, ऐकू व दिसायला नीट येते का, पूर्वीचे आजार कोणते. चालू असलेल्या सर्व गोळ्या, झाडपाल्याच्या औषधांसह, एका पिशवीत घ्या. रोजची सेवा करणारी व्यक्तीच सोबत जाऊ द्या. बहुधा ती सून किंवा मुलगी असते. तिची स्वतःची झोप कशी आहे, हेही डॉक्टरांना सांगा. कोणतेही औषध परस्पर बंद करू नका.

भ्रम अचानक आला असेल, तर नागपूरची वाट पाहू नका. त्याच दिवशी जवळचे रुग्णालय गाठा. वृद्ध व्यक्ती जीव नकोसा झाल्याचे बोलत असेल, तर तिला एकटे सोडू नका आणि विनाविलंब मदत घ्या. केवळ सल्ला हवा असेल, तर ‘टेलि-मानस’ ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे.

परतीच्या एस.टी.त कारध्याचा पूल पुन्हा येईल. हातात कदाचित चार गोळ्यांची चिठ्ठी असेल, कदाचित दीर्घ आजाराचे नाव. परंतु आपल्या माणसाला काय होते आहे, हे ठाऊक असणे हाच सेवेतला पहिला आधार असतो.