मेंढपाळांनी उभारलेले तळ्याकाठचे चर्च

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, डोंगरांच्या कुशीत टेकापो नावाचे मोठे सरोवर आहे. हिमनद्या खडक दळून त्याचे पीठ पाण्यात सोडतात, म्हणून हे पाणी दुधाळ निळे दिसते. त्याच्या काठावर एक लहानसे दगडी चर्च उभे आहे. त्याचे नाव ‘चर्च ऑफ द गुड शेफर्ड’, म्हणजे उत्तम मेंढपाळाचे चर्च.

या मुलखाला मॅकेंझी म्हणतात. १८५५ साली जेम्स मॅकेंझी नावाचा स्कॉटिश मेंढपाळ हजारभर मेंढ्या चोरल्याच्या आरोपावरून पकडला गेला. पुढच्याच वर्षी त्याला माफी मिळाली. माओरी लोकांना हे माळरान आधीपासून ठाऊक होते. गोऱ्या मेंढीवाल्यांना मात्र या प्रकरणामुळे त्याचा पत्ता लागला आणि ते बिऱ्हाडासह येथे आले. दिवस कष्टाचे होते. हिवाळ्यात बर्फाखाली कळपच्या कळप गाडले जात.

त्या पहिल्या कुटुंबांची आठवण म्हणून १९३५ साली हे चर्च बांधले गेले. बांधकामाच्या अटी ऐकण्याजोग्या आहेत. दगड आठ किलोमीटरच्या आतलाच हवा आणि त्याला छिन्नी लावायची नाही. जागा सपाट करायची नाही, भोवतालची काटेरी झुडपेही तोडायची नाहीत. वेदीमागे चित्र नाही, मोठी खिडकी आहे. तिच्यातून सरोवर आणि बर्फाचे डोंगर दिसतात. आणखी एक विशेष म्हणजे, ख्रिस्ती धर्मातले वेगवेगळे पंथ हे एकच चर्च वापरतात.

जवळच १९६८ साली उभारलेला कुत्र्याचा ब्राँझचा पुतळा आहे. या मुलखातल्या राखणदार कुत्र्यांचे हे स्मारक. त्यांच्यावाचून इथे मेंढ्या राखणे शक्यच नव्हते, ही जाण त्यामागे आहे. पोळ्याला बैलाच्या गळ्यात माळ घालणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला ती वेगळी समजावून सांगायला नको.

आता तेथे जगभरचे प्रवासी लोटतात. गर्दीने प्रार्थनेची शांतता मोडू नये म्हणून आत छायाचित्रे काढू देत नाहीत.

आपल्याकडे गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार होतात. जुन्या दगडावर ऑइलपेंट चढतो, ओट्यावर गुळगुळीत फरशी बसते, पाराचे झाड आड येते म्हणून तोडले जाते. वर्गणी गोळा करण्यापूर्वी गावकऱ्यांनी एकदा बसून ठरवावे: वाडवडिलांच्या हातचे काय काय जसेच्या तसे ठेवायचे? टेकापोच्या मेंढपाळांनी आधी तेच ठरवले आणि मग पाया घातला.